डोस बदलण्याआधी: थायरॉईडची गोळी आणि रक्ततपासणी यांचा बरोबर क्रम

मार्चमध्ये टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक; थायरॉईड कमी पडली की ते वाढतं) ८, मेमध्ये १.२, ऑगस्टमध्ये पुन्हा ९. डोस ५० वरून ७५, ७५ वरून ५०, मग परत ७५. अशी फाइल हातात असली की माणसाला वाटतं, आपला थायरॉईड काही ताब्यात येत नाही. बहुतेक वेळा ग्रंथीचा यात नवा काही दोष नसतो. गोळी चहाबरोबर गेलेली असते, रक्त तिसऱ्याच आठवड्यात दिलेलं असतं, मधल्या काळात कुणीतरी कॅल्शियम सुरू केलेलं असतं. अशा रक्तावर डोस बदलला की पुढचा रिपोर्ट दुसऱ्या बाजूला झुकतो, आणि मग हा झोपाळा थांबत नाही.

खालचा क्रम लिव्होथायरॉक्सिन (थायरॉईडची गोळी, म्हणजेच थायरॉक्सिन) घेणाऱ्या किंवा नुकतीच सुरू करणार असलेल्या प्रौढांसाठी आहे. आठवा आणि नववा टप्पा पिट्युटरीचा, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या आणि टीएसएच सोडणाऱ्या ग्रंथीचा आहे. बाळंतपणात खूप रक्त गेलेल्या, पिट्युटरीची शस्त्रक्रिया किंवा डोक्याला रेडिएशन झालेल्या व्यक्तीने आधी तेच वाचावेत. डोसाचे आकडे डॉक्टरांचं बोलणं नीट समजावं म्हणून दिले आहेत, घरच्या घरी डोस फिरवण्यासाठी नाहीत.

## १. पहिला रिपोर्ट: गोळी लगेच सुरू करायची का?

‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये टीएसएच ६.२ निघाला, शेजाऱ्याच्या ओळखीच्या कुणीतरी ‘२५ची सुरू कर’ म्हणून सांगितलं, आणि झाली जन्माची गोळी सुरू. हे टाळायचं असेल तर क्रम असा:

१) फ्री टी४ (रक्तातलं मोकळं, प्रत्यक्ष काम करणारं थायरॉक्सिन) आहे का ते पाहा. पॅकेजमध्ये बहुधा एकूण टी३, एकूण टी४ आणि टीएसएच एवढंच असतं. एकूण टी४ गर्भनिरोधक गोळ्यांनी आणि गरोदरपणात वाढलेला दिसतो, म्हणून निर्णयासाठी फ्री टी४ हवा.

२) टीएसएच १० च्या वर आणि फ्री टी४ कमी असेल तर उपचाराबद्दल फारसा वाद नाही.

३) टीएसएच साधारण ४.५ ते १० च्या दरम्यान आणि फ्री टी४ नॉर्मल असेल तर थांबा. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा आणि त्या वेळी अँटी-टीपीओ (थायरॉईडवर उलटलेल्या प्रतिपिंडांची तपासणी) एकदा करून घ्या. डेंगी किंवा न्यूमोनियातून उठताना टीएसएच काही आठवडे चढलेला राहू शकतो. बाळंतपणानंतरच्या वर्षात ग्रंथीला तात्पुरती सूज येऊन जाते. पावसाळ्यात तापातून उठल्यावर ‘अशक्तपणा का’ म्हणून केलेल्या तपासणीत सापडलेला ६ किंवा ७ हा आकडा पुढे आपोआप खाली येताना दिसतो.

वयस्कर माणसांच्या बाबतीत तर घाई आणखी कमी करावी. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रस्ट’ या युरोपातल्या चाचणीत ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांना सौम्य वाढलेल्या टीएसएचसाठी लिव्होथायरॉक्सिन किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली होती. औषधाने टीएसएच खाली आला. थकवा आणि इतर तक्रारी मात्र दोन्ही गटांत सारख्याच राहिल्या. आजीचा टीएसएच ६ आहे आणि ती दमते, एवढ्याने तिचं दमणं थायरॉईडचं ठरत नाही.

सावधान: गरोदर असलेल्या किंवा मुलाचा विचार करत असलेल्या स्त्रीने ‘थांबा’चा सल्ला स्वतःला लावू नये. तिचा हिशेब वेगळा आहे, तो सातव्या टप्प्यात.

## २. बाटली घरी आणताना

चिठ्ठीवरचा आकडा आणि एकक दोन्ही वाचा. लिव्होथायरॉक्सिन मायक्रोग्रॅममध्ये असतं. काही चिठ्ठ्यांवर आणि वेष्टनांवर ते मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं: ०.१ मिलिग्रॅम म्हणजे १०० मायक्रोग्रॅम, ०.०५ म्हणजे ५०. दशांशचिन्ह पुसट उमटलं की घोटाळा होतो. २५ आणि १२५ हा दुसरा नेहमीचा घोटाळा.

थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स यांपैकी कोणतंही चालेल, स्वस्त जेनेरिकही चालेल. मात्र एकदा धरलेली कंपनी सोडू नका. हा डोस मायक्रोग्रॅममध्ये तोलला जातो आणि दोन कंपन्यांच्या गोळ्यांत शोषणाचा थोडा फरक पडू शकतो. फार्मसीवाल्याने ‘तेंच आसा, कंपनी दुसरी’ म्हणून वेगळी बाटली दिली आणि ती घ्यावीच लागली, तर तारीख लिहून ठेवा आणि ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच करा.

साठवण हा गोव्यात खरोखरचा प्रश्न आहे. थायरॉक्सिनला उष्णता, उजेड आणि ओल, तिन्ही सोसत नाहीत. जून ते सप्टेंबर इथे मीठसुद्धा डब्यात पाणी सोडतं, तिथे गोळीचं काय होणार! म्हणून:

- गोळ्या कंपनीच्या बाटलीतच ठेवा. आतली ओल शोषणारी पुडी किंवा डबी फेकू नका.
- झाकण घट्ट लावा. न्हाणीघरातलं कपाट, चुलीजवळची फळी, गाडीचा डॅशबोर्ड या तीन जागा वर्ज्य.
- वारांचे कप्पे असलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत एकाच आठवड्याच्या गोळ्या काढा, महिन्याच्या नको.
- फ्रिजची गरज नाही. रोज आत-बाहेर केल्याने उलट बाटलीत ओल धरते.

तपासा: गोळी बोटावर भुकटी सोडते का? रंग डागाळलाय का? तसं असेल तर ती बाटली बाजूला ठेवा, तारीख कितीही पुढची असो.

## ३. रोजची गोळी: सकाळचा एक तास

सगळ्यात जास्त डोस इथे वाया जातो. लिव्होथायरॉक्सिन लहान आतड्यात शोषलं जातं, तेही पोट रिकामं आणि आम्ल नीट असेल तेव्हा. उत्तम परिस्थितीतही साधारण ७० ते ८० टक्केच आत जातं. चहा-पावाबरोबर घेतलं तर त्याहून बरंच कमी.

१) उठल्याबरोबर, तोंड धुतल्यावर गोळी घ्या. साध्या पाण्याचा पूर्ण पेला. लिंबूपाणी, दूध, काढा काही नको.

२) घड्याळ पाहा. चहा-कॉफीला किमान ३० मिनिटं, खाण्याला शक्यतो ६०. कॉफीने गोळीचं शोषण घटतं, म्हणून कॉफी पिणाऱ्यांनी पूर्ण तासच धरावा.

३) पदेराचा (दारावर पाव विकणाऱ्याचा) भोंगा ऐकू आला की गोळी आणि पाव-चहा तासाभराने, अशी सांगड काही घरांत छान बसते. भोंग्याबरोबर पाव घेऊन थेट चहात बुडवणं हीच मूळ चूक.

४) नाचणीची आंबिल किंवा तिझण न्याहरीला असेल तर तासाचं अंतर काटेकोर पाळा. नाचणीत कॅल्शियम आणि तंतू दोन्ही भरपूर. दुधाचंही तसंच. पहाटे गोळी घेतली असेल तर सकाळी दहाची पेज मात्र आड येत नाही.

५) कॅल्शियम, लोह, अँटासिड, सुक्राल्फेट आणि मल्टिव्हिटॅमिन यांना ४ तासांचं अंतर. सर्वांत सोपं म्हणजे थायरॉईड पहाटे आणि कॅल्शियम-लोह दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाबरोबर. सरकारी केंद्रातून मिळालेली लोहाची गोळी ‘एकदाच दोन्ही घेऊन टाकू’ म्हणून थायरॉक्सिनबरोबर गिळणं ही गरोदर स्त्रियांची फार नेहमीची चूक आहे, आणि नुकसानही सर्वांत जास्त त्यांचंच.

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या जातीच्या गोळ्यांचं गणित वेगळं. त्या पोटातलं आम्ल दिवसभर कमी करतात, म्हणून अंतर ठेवून काही साधत नाही. त्या खरोखर लागत असतील तर घ्या, डॉक्टरांना सांगा आणि सुरू केल्यावर किंवा बंद केल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पाहा. वर्षानुवर्षं सवयीने घेतल्या जाणाऱ्या ‘गॅसच्या गोळी’ची गरज उरली आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

सकाळ जमतच नसेल तर: वेर्ण्याच्या कारखान्यातली पाळीची नोकरी, पहाटेची बस, लहान मूल अशी कारणं असतात. मग रात्री झोपताना घ्या, शेवटचं खाणं होऊन ३ तास झाल्यावर. नेदरलँड्समधल्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झोपताना घेतलेल्या गोळीने टीएसएच सकाळच्या गोळीपेक्षा चांगला खाली आला होता. रात्री साडेदहाला हुमण-भात जेवून अकराला झोपणाऱ्या घरात मात्र हा उपाय चालणार नाही. सकाळ किंवा रात्र, एक निवडा आणि तीच पाळा.

उपवास: एकादशीला किंवा चवथीला पूजा होईपर्यंत काही खायचं नाही म्हणून गोळी सोडली जाते. गोळीला रिकामं पोटच हवं असतं, त्यामुळे हे सगळं उलटंच झालं. पाण्याबरोबर गोळी घेण्याने उपवास मोडतो असं वाटत असेल तर तो प्रश्न आदल्या रात्रीच्या वेळेने सोडवा.

गोळी चुकली तर: त्याच दिवशी आठवली की पोट रिकामं असताना घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर बहुतेक प्रौढांना दोन दिवसांची एकत्र घेता येते, कारण या औषधाचं निम्मं प्रमाण शरीरातून जायला साधारण ७ दिवस लागतात. हृदयविकार असलेल्यांनी आणि वयस्करांनी मात्र दुप्पट घेऊ नये. चुकलेली सोडून पुढे चालावं.

## ४. डोस कसा ठरतो

ग्रंथीचं काम जवळजवळ थांबलेलं असेल तर पूर्ण डोस वजनाच्या प्रत्येक किलोला सुमारे १.६ मायक्रोग्रॅम: ६० किलोला ९६, म्हणजे १०० ची गोळी. ग्रंथी अजून थोडं काम करत असेल तर २५ किंवा ५० पुरतात. वय जास्त असेल किंवा छातीत दुखण्याचा त्रास असेल तर १२.५ ते २५ ने सुरुवात करून ४ ते ६ आठवड्यांच्या पायऱ्यांनी चढवतात. अशा माणसाला एकदम १०० दिली तर हृदयावर ताण येतो. म्हणून ‘डॉक्टरांनी फारच कमी दिली’ अशी तक्रार करण्याआधी हे लक्षात घ्यावं.

पुढचे बदल साधारण १२.५ ते २५ चे. मधला डोस हवा असेल तर एक दिवस ७५ आणि एक दिवस १०० असंही चालतं; सात दिवसांच्या त्या संथ घटीमुळे रक्तात फारसा चढउतार होत नाही. फक्त कॅलेंडरवर खूण करा, नाहीतर पंधरा दिवसांत कोणती आज नि कोणती उद्या याचा पत्ता राहत नाही.

डोस किलोमागे २ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊनही टीएसएच उतरत नसेल तर डोस चढवत राहण्यात अर्थ नाही. आधी तिसरा टप्पा प्रामाणिकपणे तपासा. तिथे सगळं ठीक असेल तर जठरातला हेलिकोबॅक्टर जंतू किंवा गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा सीलिॲक रोग शोधावा लागतो.

## ५. रक्त द्यायचा दिवस

डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर ६ ते ८ आठवडे थांबा. चौथ्या आठवड्यातला टीएसएच अर्ध्या वाटेवरचा असतो. तो पाहून डोस वाढवला तर दोन महिन्यांनी तो जास्त झालेला आढळतो. डोस स्थिर झाल्यावर ६ महिन्यांनी एकदा, मग वर्षातून एकदा पुरे. दर महिन्याला टीएसएच करून फक्त लॅबचं भलं होतं.

त्या दिवशीचा क्रम:

१) ताप, मोठं आजारपण, रुग्णालयातला मुक्काम चालू असेल तर तपासणी पुढे ढकला.

२) केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर किमान २ दिवस बंद, ५-१० मिलिग्रॅमची असेल तर ३ दिवस धरणं बरं. अनेक यंत्रांची तपासणीची रसायनं बायोटिनवरच बेतलेली असतात. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी४ खोटा जास्त येतो. धडधाकट बाईचा रिपोर्ट हायपरथायरॉईडचा (थायरॉईड जास्त काम करत असल्याचा) दिसतो. ‘हेअर, स्किन अँड नेल्स’ असं लिहिलेल्या बाटलीचं लेबल म्हणून वाचायचं.

३) सकाळी, शक्यतो ८ ते ९ च्या सुमारास रक्त द्या आणि दर वेळी तीच वेळ ठेवा. टीएसएच रात्री चढतो आणि दुपारी उतरतो. सकाळी आठचा आणि दुपारी तीनचा आकडा एकाच माणसाचा असूनही वेगळा येतो.

४) त्या सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या. गोळीनंतरचे काही तास फ्री टी४ वर गेलेला असतो. बाटली पर्समध्ये घेऊन जा, रक्त देऊन झालं की लॅबमध्येच घ्या, आणि मग तासाभराने चहा. ‘तपासणी आहे म्हणून आज गोळी नाही’ असं करून ती विसरूनच जाणारे बरेच.

५) तीच लॅब धरा. दोन लॅबच्या यंत्रांत फरक असतो आणि नॉर्मलची चौकटही वेगळी छापलेली असते.

सावधान: महिनाभर गोळ्या चुकवून तपासणीआधीचे चार दिवस नियमाने घेणं लपत नाही. फ्री टी४ लगेच सुधारतो, टीएसएच मागे रेंगाळतो. टीएसएच १५ आणि फ्री टी४ नॉर्मलच्या वरच्या काठावर, असा रिपोर्ट पाहिला की डॉक्टर हाच अंदाज बांधतात. गोळ्या चुकल्या असतील तर सरळ सांगा. नाहीतर डोस वाढेल आणि नियमाने घ्यायला लागलात की अंगावर येईल.

## ६. रिपोर्ट वाचताना

टीएसएच ३.१ होता, आता २.२ आला: यात काही घडलेलं नाही. निरोगी माणसाचाही टीएसएच एवढा इकडेतिकडे होतो.

टीएसएच ०.१ च्या खाली असेल तर डोस जास्त आहे. छातीत धडधड, झोप न लागणं, हात थरथरणं ही लक्षणं नसली तरी वयस्करांत हृदयाची लय बिघडण्याचा आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत हाडं विरळ होण्याचा धोका वाढतो. थायरॉईडच्या कॅन्सरनंतर काहींचा टीएसएच मुद्दाम खाली ठेवतात, त्यांनी यावरून डोस कमी करू नये.

टीएसएच २ आहे आणि तरीही थकवा, केसगळती, वजन जैसे थे. इथे डोस वाढवण्याचा मोह होतो. वाढवू नका. हिमोग्लोबिन, बी१२, ड जीवनसत्त्व, साखर, आणि घोरत असाल तर झोपेची तपासणी, हे आधी. थायरॉईड नॉर्मल झाल्यावर त्याच्यामुळे वाढलेलं वजन थोडंच असतं, ते उतरतं. बाकीचं वजन गोळीचं ऐकत नाही.

कोबी-फ्लॉवरबद्दल दर वेळी विचारलं जातं. शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाल्लेल्या कोबीने गोळीच्या परिणामात काही फरक पडत नाही. मिठाचं मात्र ऐका. ‘आम्ही समुद्राकाठचे, मासे खातो, आम्हाला आयोडीन कशाला’ हा समज चुकीचा आहे. आगरवाड्याच्या किंवा नेवऱ्याच्या मिठागरातलं जाडं मीठ लोणच्याला, खारवलेल्या आंब्यांना वापरा खुशाल, पण त्यात आयोडीन घातलेलं नसतं. रोजच्या स्वयंपाकाला, विशेषतः घरात गरोदर बाई असताना, आयोडीनयुक्त मिठाचीच पिशवी ठेवावी. गोळीवरच्या माणसाचा डोस मात्र मिठाने कमी होत नाही. थायरॉईड कमी (हायपो) असो वा जास्त (हायपर), दुकानातल्या ‘केल्प’च्या (समुद्री शेवाळाच्या) आयोडीन गोळ्यांच्या वाटेला जाऊ नका, जास्त आयोडीननेही ग्रंथी बिघडते.

## ७. दिवस राहिले की

आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीने चाचणीत दोन रेघा दिसल्या की त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करावा, पहिल्या सोनोग्राफीची वाट पाहू नये. गर्भाची स्वतःची थायरॉईड सुरुवातीला काम करत नाही, तोवर तो आईच्याच थायरॉक्सिनवर असतो. डोस साधारण २० ते ३० टक्के वाढवावा लागतो. रूढ पद्धत अशी: आठवड्याला ७ ऐवजी ९ गोळ्या, म्हणजे दोन ठरावीक वारी दोन-दोन. हे मूल ठरवत असतानाच डॉक्टरांकडून लिहून घेऊन ठेवावं.

टीएसएच दर ४ आठवड्यांनी, निम्मं गरोदरपण उलटेपर्यंत. मग ३० व्या आठवड्याच्या आसपास एकदा. उपचार चालू असेल तर तो २.५ च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो. बाळंतपण झालं की डोस पूर्वीच्या आकड्यावर आणून ६ आठवड्यांनी तपासायचा. अंगावर पाजताना गोळी चालते.

फक्त अँटी-टीपीओ जास्त आहे पण टीएसएच नॉर्मल, अशा स्त्रियांना ‘गर्भ टिकावा म्हणून’ गोळी देण्याची पद्धत फार बोकाळली आहे. ब्रिटनमधल्या ‘टॅब्लेट’ चाचणीत, जी २०१९ साली प्रसिद्ध झाली, अशा स्त्रियांना रोज ५० मायक्रोग्रॅम देऊन जिवंत बाळंतपणाचं प्रमाण वाढलं नाही. अशांचा टीएसएच गरोदरपणात वेळोवेळी पाहत राहणं मात्र गरजेचं.

हायपरथायरॉईडसाठी कार्बिमाझोल घेणाऱ्या स्त्रीसाठी दोन ओळी. दिवस राहिल्याचा संशय आला तरी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, पहिल्या तिमाहीत औषध बदलावं लागतं. आणि हे औषध घेणाऱ्या कोणालाही ताप आणि घसा दुखणं एकदम सुरू झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची तपासणी. क्वचित त्या पेशी जवळजवळ नाहीशा होतात.

## ८. टीएसएच फसवतो तेव्हा: पिट्युटरी

आतापर्यंतचं सगळं एका गृहीतावर उभं होतं: पिट्युटरी शाबूत आहे आणि थायरॉईड कमी पडली की ती टीएसएच वाढवून ओरडते. पिट्युटरीच बिघडली तर ओरडणारा उरत नाही. फ्री टी४ कमी आणि टीएसएच कमी, नॉर्मल किंवा अगदी किंचित वाढलेला असा रिपोर्ट येतो. फक्त टीएसएच मागवलेला असेल तर ‘थायरॉईड नॉर्मल’ म्हणून माणूस घरी पाठवला जातो.

संशय कुणावर घ्यावा? बाळंतपणात खूप रक्तस्राव, त्यानंतर दूध न येणं, पाळी परत न येणं, हळूहळू थकवा, बीपी कमी, सोडियम कमी: हा शीहान सिंड्रोम. निदान दहा-पंधरा वर्षांनीही होतं, म्हणून जुन्या बाळंतपणाची चौकशी करावीच लागते. त्याखेरीज पिट्युटरीची गाठ, तिची शस्त्रक्रिया, डोक्याला रेडिएशन, डोक्याला जबर मार.

आता क्रम, आणि या क्रमात अदलाबदल चालत नाही:

१) सकाळी ८ वाजता कॉर्टिसोल (अ‍ॅड्रीनल ग्रंथीचं, ताण झेलायला लागणारं स्टेरॉइड संप्रेरक; तेही पिट्युटरीच्या हुकमावर चालतं). ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर कमतरता जवळजवळ नक्की. १५ च्या वर असेल तर बहुधा नाही. मधल्या आकड्यासाठी एसीटीएच (अ‍ॅड्रीनलला चालना देणारं संप्रेरक) देऊन उत्तेजन चाचणी करतात. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, दम्याचा स्टेरॉइड पंप, त्वचेचं स्टेरॉइड मलम, सांधेदुखीची बिनलेबलाची पुडी, यांतलं काहीही चालू असेल तर आधी सांगा. आकडा निकामी ठरतो.

२) कॉर्टिसोल कमी असेल तर आधी स्टेरॉइड सुरू. हायड्रोकॉर्टिसोन रोज १५ ते २० मिलिग्रॅमच्या आसपास, विभागून: मोठा भाग उठल्याउठल्या, उरलेला दुपारी आणि संध्याकाळ होण्याआधी. रात्री उशिरा घेतलं तर झोप उडते.

३) त्यानंतरच, काही दिवसांनी, थायरॉक्सिन.

उलट केलं तर काय होतं? थायरॉक्सिन शरीराचा वेग वाढवतं, त्यात उरलंसुरलं कॉर्टिसोलही झपाट्याने खर्च होतं. उलट्या, बीपी कोसळणं, बेशुद्धी. ‘थायरॉईडची साधी गोळी सुरू केली आणि आठवड्यात आयसीयू’ यामागे ही उलटापालट असू शकते.

४) पुढे डोस टीएसएचवर ठरवायचा नाही. फ्री टी४ नॉर्मलच्या वरच्या निम्म्यात ठेवायचा. अशा माणसाचा टीएसएच ०.०५ आला म्हणून नव्या डॉक्टरांनी गोळी अर्धी करणं ही फार नेहमीची चूक आहे. फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहा: ‘पिट्युटरीचा आजार, टीएसएचवर डोस बदलू नये.’

आजारपणाचा नियम: हायड्रोकॉर्टिसोनवर असलेल्या माणसाने ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला की रोजचा डोस दुप्पट, १०२ च्या वर तिप्पट, ताप उतरेपर्यंत. उलट्या-जुलाबांत गोळी पोटात टिकत नसेल तर १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन ताबडतोब, दंडात किंवा मांडीत, आणि मग रुग्णालय. हे इंजेक्शन घरात हवं आणि घरातल्या एकाला तरी ते देता आलं पाहिजे. काणकोणच्या किंवा सत्तरीच्या आतल्या वाड्यावरून १०८ येईपर्यंतचा वेळ इथे मोजावा लागतो. खिशात ‘स्टेरॉइडवर अवलंबून’ असं लिहिलेलं कार्ड ठेवा. स्टेरॉइड स्वतःहून बंद करणं कोणत्याही कारणाने नाही.

## ९. प्रोलॅक्टिन वाढलं: एमआरआयआधी तीन गोष्टी

पाळी अनियमित, स्तनातून स्राव, म्हणून प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचं दूध आणणारं संप्रेरक) केलं आणि ते ६० आलं. लगेच डोक्याचा एमआरआय, आणि त्यात दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका. असे निरुपद्रवी ठिपके निरोगी लोकांतही सापडतात, आणि मग घरभर भीती. त्याआधी:

१) टीएसएच पाहा. थायरॉईड खूप कमी पडलेली असेल तर प्रोलॅक्टिन वाढतं आणि पिट्युटरी फुगतेसुद्धा, गाठीसारखी. थायरॉक्सिनने दोन्ही उतरतं. ही फुगवटी गाठ समजून शस्त्रक्रियेपर्यंत गेलेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत.

२) औषधं तपासा. गॅसच्या गोळीत पॅन्टोप्राझोलबरोबर डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं. नावापुढचं ‘डी’ किंवा ‘एल’ पाहा. ही दोन्ही प्रोलॅक्टिन वाढवतात, मेटोक्लोप्रमाइड आणि रिस्पेरिडोन तर २०० च्या वरही नेतात. डॉक्टरांना विचारून गॅसची गोळी ३ दिवस बंद करा आणि पुन्हा तपासा. मानसिक आजाराचं औषध मात्र त्या डॉक्टरांच्या परवानगीशिवाय एक दिवसही थांबवू नका.

३) गरोदरपणाची चाचणी. सांगायला नको असं वाटतं, आणि तीच राहून जाते.

मग रक्त पुन्हा: उठून तासभर झाल्यावर, वीसेक मिनिटं शांत बसून. बसमधून धावतपळत येऊन दिलेलं, सुईच्या भीतीने घाबरून दिलेलं प्रोलॅक्टिन थोडं चढलेलंच येतं.

गाठ खरोखर निघाली तरी बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. कॅबरगोलिन (प्रोलॅक्टिन उतरवणारी गोळी) आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, रात्री खाण्याबरोबर, ०.२५ मिलिग्रॅमपासून. उपाशीपोटी घेतलं की मळमळ आणि उठताना चक्कर. हे औषध काही जणांत जुगाराची, खरेदीची किंवा कामवासनेची ओढ वाढवतं. मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या असलेल्या राज्यात ही सूचना घरच्यांनाही आधीच दिलेली बरी.

सावधान: अचानक प्रचंड डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणं किंवा एकाची दोन दिसणं, उलट्या: पिट्युटरीची गाठ माहीत असलेल्या माणसात हा गाठीतला रक्तस्राव समजावा. ओपीडीची वाट नाही, थेट आपत्कालीन विभाग.

## १०. गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा खासगीत दाखवायला जाताना

बांबोळीला पहाटे निघायचं, नंबर लावायचा, आणि डॉक्टरांसमोर पाच-दहा मिनिटं मिळायची. ती वाया जाऊ नयेत म्हणून एका पानावर तारखेप्रमाणे तीन रकाने करा: डोस, टीएसएच, फ्री टी४. सुट्या रिपोर्टांच्या गठ्ठ्यापेक्षा हे एक पान लवकर बोलतं. महिन्याला किती गोळ्या चुकतात तो खरा आकडा लिहा. कॅल्शियम, लोह, गॅसची गोळी, केसांची गोळी, आयुर्वेदिक चूर्ण सगळं लिहा. एमआरआय झाला असेल तर रिपोर्टबरोबर फिल्म किंवा सीडी न्या. कॉर्टिसोल व्हायचा असेल तर हायड्रोकॉर्टिसोनचा आदल्या संध्याकाळचा आणि त्या सकाळचा डोस घ्यायचा की नाही, ते आधीच विचारून ठेवा, आणि डबी बरोबर घ्या म्हणजे रक्त दिल्या दिल्या घेता येईल.

आणि थायरॉईडची बाटलीच न्या. ‘ती पांढरी बारीक गोळी’ एवढ्यावरून २५ आहे की १०० ते कुणालाच सांगता येत नाही.